कानात बोळा, वर इअरमफ, तरीही…

विमानवाहू जहाजाच्या डेकवरून लढाऊ जेट उडतं, तेव्हा आवाज १५० डेसिबलच्या आसपास जातो. अमेरिकी नौदलाची मर्यादा आहे ८ तासांसाठी ८५ डेसिबल. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणून डेकवरची माणसं कानात फोमचे बोळे घालून वर इअरमफ चढवतात. पण गंमत बघा: ३० अधिक २५ म्हणजे इथे ५५ होत नाहीत, जेमतेम ३५-४०! कारण कान बंद केले तरी आवाज कवटीच्या हाडांतून अंतर्कर्णात शिरतोच. १५०मधून ४० गेले तरी ११० उरतात, म्हणजे दिवसाला दीड मिनिटाची मुभा. अंतर्कर्णातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. तुम्हीही गोंगाटात काम करत असाल, तर बोळा बारीक वळून खोल बसवा. नुसता टेकवलेला बोळा असून नसल्यासारखाच.