गरम पाण्याची घरगुती व्यवस्था : भाग आणि कार्य

पिंपरी-चिंचवड परिसरातील अनेक सोसायट्यांत गच्चीवर सौर बंब आणि न्हाणीघरात विजेचा गिझर अशी दुहेरी व्यवस्था आढळते. सौर बंबाच्या काचनळ्यांत तापलेले पाणी हलके होऊन टाकीत चढते आणि टाकीतील थंड, जड पाणी खाली उतरते. हे अभिसरण पंपाविना चालावे म्हणून टाकी नळ्यांच्या वर बसवतात.

साठवणीच्या गिझरमध्ये थंड पाणी तळाशी येते आणि गरम पाणी वरच्या थरातून बाहेर पडते. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंश सेल्सिअसवर नेण्यास सुमारे ०.७ युनिट वीज लागते, म्हणजे २ किलोवॉटच्या कॉइलला वीसेक मिनिटे पुरतात. ठरलेले तापमान येताच थर्मोस्टॅट वीज तोडतो. तो बिघडल्यास कटआउट वीजपुरवठा थांबवतो, आणि तरीही दाब वाढल्यास सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर सोडून टाकी फुटण्याचा धोका टाळतो.

शहराला मुख्यतः पवना नदीचे पाणी मिळते. परंतु वाढत्या उपनगरांत आणि चाकण पट्ट्यात जेथे बोअरवेल किंवा टँकरवर भिस्त असते, तेथील पाणी बहुधा जड, म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असलेले असते. ते तापल्यावर क्षारांचा पांढरा थर कॉइलवर साचतो आणि वीज अधिक खर्च होते. टाकीतील मॅग्नेशियमची अॅनोड कांडी स्वतः झिजून पोलादाला गंजापासून वाचवते, म्हणून क्षार काढताना तिचीही तपासणी करून झिजलेली कांडी बदलणे हिताचे ठरते.