कमिशन आपले केव्हा होते?

काही माणसे दुकानात बसून माल विकतात. काही गावोगाव फिरून विकतात. पुष्कळांना पगार थोडा असतो. त्यावर विक्रीचे कमिशन मिळते. "जितके विकाल तितके मिळेल," असे मालक सांगतात. ऐकायला बरे वाटते. पण हिशेबाचा दिवस येतो आणि भांडण सुरू होते.

भांडण बहुधा शेकड्याचे नसते. शेकडा पाच ठरले, हे दोघांनाही मान्य असते. ते कशावर आणि केव्हा द्यायचे, हेच ठरलेले नसते.

एक हिशेब करून पाहू. समजा, तुम्ही शिलाई यंत्रे विकता. एका यंत्राची किंमत ८,००० रुपये. कमिशन शेकडा पाच, म्हणजे यंत्रामागे ४०० रुपये. महिन्यात तुम्ही २० यंत्रांची मागणी आणली. वीसही यंत्रे घरपोच झाली. पण ५ गिऱ्हाइकांनी ती परत केली. ३ जणांची उधारी राहिली. पैसे १२ यंत्रांचेच आले.

तुम्ही म्हणता, "मागणी मी आणली. २० यंत्रांचे ८,००० रुपये द्या."

मुनीम म्हणतात, "परत आलेला माल विकला कसा म्हणायचा? १५ यंत्रांचे ६,००० होतात."

मालक म्हणतात, "पैसा हाती आला तेवढ्यावरच कमिशन. १२ चे ४,८०० घ्या."

तिघांपैकी खोटा कोणीच नाही. प्रत्येकाच्या मनात वेगळा करार आहे. कागदावर एकही नाही. उद्या तुम्ही नोकरी सोडली आणि मागून ती उधारी वसूल झाली, तर तिच्यावरचे १,२०० रुपये कोणाचे?

कायदा काय म्हणतो? १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तोंडी करारही खरा धरतात. पण तो सिद्ध कसा करणार? तुम्ही नोकर नसून दलाल असाल, तर त्याच कायद्यात एक नियम आहे. वेगळे ठरले नसेल, तर काम पुरे झाल्यावरच मोबदला येणे होतो. आता काम पुरे केव्हा झाले, यावरून पुन्हा वाद! नोकरांसाठी वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने वेतनाच्या व्याख्येतून कमिशन साधारणपणे वगळले आहे. तेव्हा पगाराचा कायदा सगळे पाहून घेईल, असे समजून राहू नये.

म्हणून काम धरतानाच चार गोष्टी लिहून घ्या:

१. कमिशन मागणीवर, माल पोचल्यावर की वसुलीवर?

२. माल परत आला तर काय?

३. हिशेब कोणत्या तारखेला होणार?

४. नोकरी सुटल्यावर आलेल्या पैशावर कमिशन मिळणार का?

खाली दोघांच्या सह्या हव्यात. एक प्रत आपल्याजवळ ठेवा. रोजच्या विक्रीची वहीही स्वतः ठेवा.

एवढे करूनही पैसे अडले, तर लेखी मागणी करा व पोच घ्या. नुसते "देतो, देतो" ऐकत बसू नका. अशा पैशासाठी दिवाणी दावा लावण्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. तोंडी आश्वासनाने ती वाढत नाही. मात्र मुदतीच्या आत मालकाने देणे लेखी कबूल करून सही दिली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजतात.

कागद मागितला तर मालकाला राग येईल, असे काहींना वाटते. पण त्या कागदाने मालकाचेही रक्षण होते. बोलणे गोडीचे आहे तोवरच तो करून घ्यावा.