चप्पल वाचवा, जीन्स फाडा

आमच्या कुत्र्याने, मोत्याने, आतापर्यंत तीन चपला, टीव्हीचा रिमोट आणि सोफ्याचा एक कोपरा फस्त केलाय. साडेतीनशे रुपयांचं चूं-चूं करणारं बदक वीस मिनिटांत संपलं; आतली शिट्टी मी त्याच्या जबड्यात बोटं घालून काढली. तेव्हापासून शिट्टीवाली खेळणी बंद.

पिल्लाचे 28 दुधाचे दात साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात पडतात आणि 42 पक्के येतात. हिरड्या शिवशिवतात, तर ते चावणारच. ओरडून काय उपयोग?

आमच्याकडे सगळ्यात जास्त टिकली ती जुनी जीन्स. चेन, बटणं काढून तीन लांब पट्ट्या कापा, घट्ट वेणी घाला, दोन्ही टोकांना गाठ मारा. ओली करून फ्रीजरमध्ये ठेवली की हिरड्यांना छान गारवा मिळतो. मोत्या ती घेऊन थेट पलंगाखाली जातो, तासभर घरात शांतता! पण दोरे सुटायला लागले की लगेच फेका, पोटात गेलेला दोरा आतड्यात अडकतो.

विकतच घ्यायचं तर जाड, पोकळ रबरी खेळणं घ्या. आत साधा दहीभात भरून गोठवा. घेताना अंगठ्याचं नख दाबून बघा. जराही रुतलं नाही तर ते दात तोडण्याइतकं कडक आहे. शिजवलेलं हाड नकोच, त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात.

आणि जुनी चप्पल खेळायला देऊ नका. जुनी कोणती, नवी कोणती, त्याला काय कळतंय!