जुना संगणक, नवा ड्राइव्ह आणि माडियाची ध्वनिमुद्रणे

भाषाभ्यासकाचे क्षेत्रकार्य वही आणि ध्वनिमुद्रक यांवर चालत असले, तरी त्यानंतरचे बहुतेक काम संगणकावर करावे लागते. विद्यार्थ्यांच्या वाट्याला पुष्कळदा कार्यालयातून निघालेला व दुरुस्त करून पुन्हा विकलेला संगणक येतो. तो मंद चालू लागला म्हणजे टाकून द्यावा, की त्यातील हार्ड डिस्कच्या जागी सॉलिड स्टेट ड्राइव्ह बसवावा, असा प्रश्न पडतो. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड परिसरात माडियाचे, म्हणजे द्राविड कुलातील गोंडीच्या एका बोलीचे, ध्वनिमुद्रण करणारा अभ्यासक डोळ्यांपुढे ठेवून या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम मंदपणाचे कारण पाहू. हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेपाच्या तबकड्या फिरत असतात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणून हवी ती जागा वाचकशीर्षाखाली येण्यास सरासरी ४ मिलिसेकंद जातात. शीर्ष त्या वर्तुळापर्यंत नेण्यास आणखी ९ च्या आसपास लागतात. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये फिरणारा भागच नाही. माहिती विद्युत्भार धरून ठेवणाऱ्या सूक्ष्म कोशिकांत असते आणि ती सुमारे ०.१ मिलिसेकंदात हाती येते. शब्दागणिक तोडलेले २,००० ध्वनितुकडे चाळावयाचे झाल्यास हार्ड डिस्कवर नुसत्या शोधण्यातच किमान २६ सेकंद जातील. नव्या ड्राइव्हवर ०.२ सेकंद पुरतील.

यावरून लाभाची मर्यादाही स्पष्ट होते. वाचतो तो शोधण्याचा वेळ होय. प्राटमध्ये स्वरांचे फॉर्मंट काढणे हे प्रोसेसरचे गणित आहे. ते पूर्वीच्याच गतीने चालेल. तसेच विंडोज १० ला मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ न चालणारा संगणक ड्राइव्ह बदलल्याने पात्र ठरत नाही. तेथे लिनक्सचा विचार करावा. प्राट आणि एलान दोन्ही त्यावर चालतात.

बसविण्याचे काम अवघड नाही. आधी सर्व ध्वनिमुद्रणांची प्रत अन्यत्र करून ती उघडून पाहावी. मग वीज तोडून अडीच इंची साटा ड्राइव्ह जोडावा. जुन्या मदरबोर्डवरील साटा जोडणी दुसऱ्या पिढीची असली, तरी सेकंदाला ३०० मेगाबाइटची तिची मर्यादा आपल्या कामास पुरते. एका वाहिनीचे, ४८ किलोहर्ट्झ व २४ बिटचे ध्वनिमुद्रण तासाला सुमारे ५२० मेगाबाइट जागा घेते. शंभर तासांस ५२ गिगाबाइट लागतील. म्हणजे ५०० गिगाबाइटचा ड्राइव्ह सहज पुरेल.

परंतु वेग म्हणजे जतन नव्हे, हे अभ्यासकाने विसरू नये. हार्ड डिस्कवरून चुकून पुसलेली फाइल अनेकदा परत मिळविता येते. सॉलिड स्टेट ड्राइव्हवर मात्र पुसलेल्या जागा मोकळ्या करण्याची ट्रिम नावाची व्यवस्था चालू असल्यास ती आशा जवळजवळ उरत नाही. हा ड्राइव्ह पूर्वसूचनेवाचून बंद पडू शकतो. वापराने झिजल्यावर दीर्घकाळ विजेवाचून राहिल्यास त्यातील माहितीही क्षीण होऊ शकते.

भामरागडात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. तेथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात, आणि पर्लकोटेच्या पुराने गावाचा संपर्क अनेक पावसाळ्यांत तुटलेला आहे. अशा वेळी बिघाड झाला, तर नवा भाग येण्यास दिवस लागतात. म्हणून हा बदल पावसाळ्यापूर्वी करावा, यूपीएस जोडावा आणि काढलेली हार्ड डिस्क टाकून देऊ नये. तपासणीत ती निर्दोष ठरली, तर बाहेरच्या पेटीत घालून दुसरी प्रत तीवर ठेवावी. तिसरी प्रत नदीपलीकडे, विद्यापीठात असावी.

संगणक आज ना उद्या बदलेलच. वृद्ध माडिया वक्त्याने सांगितलेली कथा मात्र त्याच्या मुखातून पुन्हा मिळेल याची शाश्वती नसते. नव्या ड्राइव्हने काम त्वरित होईल. कथा टिकेल ती तिच्या प्रतींमुळे.