युरियाच्या गोणीचा माग

ऐन खरिपात पिकास वरखत देण्याची वेळ यावी आणि नेमका तेव्हाच दुकानातील युरिया संपलेला असावा, हा अनुभव शेतकऱ्यास नवा नाही. वाढती मागणी हे त्याचे एक कारण होय. शेतीसाठी आलेले खत चोरवाटेने अन्यत्र जाते, हे दुसरे. ४५ किलोची गोणी शेतकऱ्यास सुमारे २६६ रुपयांस मिळते. उरलेला मोठा खर्च सरकार सोसते. प्लायवूड चिकटविण्याचा सरस तयार करणाऱ्या कारखान्यांसही युरिया लागतो, परंतु त्यांना तो बाजारभावाने घ्यावा लागतो. या तफावतीतच चोरट्या व्यापाराचे मूळ आहे.

पहिला उपाय खतावरच करण्यात आला. २०१५ साली सर्व युरियास निंबोळी तेलाचा लेप देणे सक्तीचे झाले. त्यायोगे पिकास नत्र सावकाश मिळते आणि कारखान्यात असा युरिया वापरणे अवघड जाते. तथापि अवघड म्हणजे अशक्य नव्हे. यास्तव खताचा माग ठेवण्याची व्यवस्था उभारण्यात आली.

खत कारखान्यातून वा बंदरातून निघाले की त्याची नोंद संगणकावर होते. ते कोणत्या जिल्ह्यात उतरले, कोणत्या विक्रेत्याकडे किती गेले, हेही नोंदले जाते. दुकानात आधार क्रमांक व अंगठ्याचा ठसा घेऊन पॉस यंत्रावर विक्री होते. मार्च २०१८ पर्यंत ही पद्धत देशभर लागू झाली आणि कंपन्यांस अनुदान या नोंदलेल्या विक्रीवरच मिळू लागले. या नोंदींवरून जिल्हावार साठ्याचे चित्र अधिकाऱ्यांसमोर उभे राहते. एखाद्या भागात पेऱ्याच्या मानाने विक्री फार दिसली, अथवा एकाच नावावर असाधारण खरेदी आढळली, तर तपासणी कोठे करावी हे कळते.

मात्र यंत्रास गोणी दिसत नाही. दिसते ती केवळ नोंद. शेतकऱ्याने दोन गोण्या नेल्या आणि त्याच्या ठशावर दहा नोंदल्या गेल्या, तर कागदोपत्री सर्व ठीक दिसेल, आठ गोण्या मागील दाराने जातील आणि चौकशीत नाव शेतकऱ्याचे निघेल.

म्हणून शेतकरी बांधवांनी पुढील दक्षता घ्यावी. खरेदीची पावती अवश्य घ्यावी व तिच्यावरील गोण्यांची संख्या आणि रक्कम तेथेच ताडून पाहावी. दुसऱ्याच्या खरेदीसाठी आपला अंगठा देऊ नये. तफावत आढळल्यास तालुका कृषी अधिकाऱ्यांस कळवावे. खत (नियंत्रण) आदेश, १९८५ अन्वये केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून खताचा शेतीखेरीज अन्य उपयोग करण्यास मनाई आहे. गोणीचा माग अखेरपर्यंत खरा राहणे हे शेवटी खरेदीदाराच्या दक्षतेवर अवलंबून आहे.