कानाला बूच नको

दोन्ही कानांत बोटं घाला आणि 'ऊ' असा सूर धरा. आवाज एकदम डोक्यात घुमायला लागेल. आपण बोलतो तेव्हा कवटीच्या हाडांतून कंपनं कर्णनलिकेच्या भिंतीपर्यंत पोचतात आणि आतली हवा हलवतात. एरवी त्यातला खर्जाचा बराचसा भाग कानाच्या तोंडातून निसटून जातो. बोट घातलं की ती वाट बंद होते आणि सगळं कानाच्या पडद्यावर जाऊन आदळतं. रबरी टोकाचे इअरबड घालून चिवडा खाताना स्वतःच्या दाढांचा आवाज गाण्यावर मात करतो, तो याच कारणानं.

'ओपन-इअर' हेडफोन हे बूच काढून टाकतात. कल्पना तशी नवी नाही. १९७९ सालच्या सोनीच्या पहिल्या वॉकमनसोबत आलेल्या हेडफोनला साध्या फोमच्या गाद्या होत्या आणि त्यातून बाहेरचं सगळं ऐकू यायचं. नवं आहे ते इतकंच, की आता वायर नाही आणि छोटासा स्पीकर कानाच्या तोंडाशी नुसता तरंगत राहतो. कोणी त्याला कानामागच्या आकड्यावर टांगतं, कोणी कानाच्या कडेला चिमट्यासारखं अडकवतं. सोनीनं २०२२ मध्ये स्पीकरच्याच मध्यभागी भोक ठेवलं.

कान उघडा, तर शेजारच्याला गाणं ऐकू जात नाही का? थोडं जातं, पण अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते, म्हणजे दोन बाजूंना बरोबर उलटे आवाज तयार होतात. चांगल्या ओपन-इअर हेडफोनमध्ये मागचा आवाज मुद्दाम वेगळ्या छिद्रातून बाहेर सोडतात. पुढचं छिद्र कानाच्या अगदी जवळ असल्यानं कानाला मुख्यतः पुढचाच आवाज मिळतो. हातभर दूर बसलेल्याकडे मात्र दोन्ही आवाज जवळजवळ सारख्याच जोरानं पोचतात आणि एकमेकांना खोडून काढतात. ही खोडाखोड खालच्या सुरांत चांगली जमते, वरच्या सुरांत फसते. म्हणून शेजाऱ्याला गाणं नाही, झांजेची किणकिण तेवढी ऐकू जाते.

पण याच भौतिकीची किंमत आपल्यालाही मोजावी लागते. बंद कर्णनलिकेत हवा इतकी थोडी असते की स्पीकरचा पडदा जरासा हलला तरी दाब चांगला बदलतो आणि डग्गा छान घुमतो. कान उघडा राहिला की तो दाब टिकत नाही. मोठा पडदा आणि सॉफ्टवेअरची फोडणी देऊन कंपन्या ही उणीव बरीच भरून काढतात, पूर्ण नाही. पखवाज मन लावून ऐकायचा असेल तर ही वस्तू त्यासाठी नव्हे.

दुसरा प्रकार हाडामार्फत ऐकवणारा. यात कंप पावणारी गादी कानासमोर गालाच्या हाडावर टेकते. कान-नाक-घशाचे डॉक्टर ट्यूनिंग फोर्क कानामागच्या हाडाला लावून करतात ती रिनेची चाचणी याच वाटेवर उभी आहे. जर्मन डॉक्टर रिने यांनी ती १८५५ मध्ये मांडली. पुढे शास्त्रज्ञ गेओर्ग फॉन बेकेशी यांनी १९३२ मध्ये हाडातून आलेला सूर हवेतून आलेल्या सुरानं खोडून दाखवला. म्हणजे वाटा दोन असल्या तरी आवाज टिपणारी आतल्या कानातली शंखिका (कॉक्लिया) एकच. त्यामुळे 'कानाचा पडदा टाळला, आता आवाज कितीही वाढवा' हा काही जाहिरातींतून होणारा समज साफ खोटा आहे. शिवाय हाडातून आवाज दोन्ही बाजूंना पसरतो, त्यामुळे डावं-उजवं नीट वेगळं राहत नाही.

मग कान उघडा ठेवण्याचा फायदा कोणता? माझ्या मते सर्वांत मोठा फायदा दिशेचा. कानाच्या बाहेरच्या वळ्या आवाजाला किंचित वेगळा रंग देतात आणि त्यावरून मेंदू समोरचं-मागचं, वरचं-खालचं ओळखतो. इअरबडचा 'ट्रान्स्परन्सी मोड' बाहेरचा आवाज माइकमधून आत आणतो खरा, पण हे बारकावे त्यात हमखास टिकतीलच असं नाही. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीला फोन रस्ता सांगत असतो तेव्हा मागून येणारी रिक्षा कानानंच ओळखायची असते. तिथे उघडा कान ही चैन नव्हे, गरज आहे.

कानाच्या तब्येतीचंही आहेच. नलिकेची त्वचा मळ हळूहळू बाहेर ढकलत असते. इअरबड तो परत आत रेटू शकतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत तासन्‌तास बंद राहिलेल्या कानात बुरशीलाही आवतण मिळतं.

गडबड होते ती लोकलमध्ये. बाहेरचा गोंगाट आत येतोच, म्हणून माणूस गाणं त्याच्याही वर चढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त ४. अशा ठिकाणी गोंगाट अडवणारे इअरबड कमी आवाजावर ऐकणं कानाला जास्त सोसतं.

घ्यायचेच असतील तर दुकानाच्या एसीतल्या शांततेत ऐकून ठरवू नका. चष्मा लावत असाल तर तो घालूनच दाराबाहेर फुटपाथवर या आणि रोजच्या आवाजावर एखादी मुलाखत लावा. ती समजण्यासाठी आवाज शेवटच्या टोकाला न्यावा लागला, तर ही जोडी सकाळी टेकडीवर चालायला जाताना वापरा, प्रवासात नको.