सनदेच्या आधीची वर्षे

मे महिन्यात बारावीचा निकाल जाहीर झाला, की आमच्या मुलुंडच्या इमारतीतले, आणि त्यांच्याही ओळखीचे असे काही पालक संध्याकाळच्या सुमारास माझ्या घरी येतात. त्यांच्या मागे, चपला दाराबाहेर काढून, बोलावे की न बोलावे अशा संभ्रमात उभा असलेला मुलगा किंवा मुलगी असते. आणि ज्या माणसाचे निम्मे आयुष्य कायद्याच्या वर्गात शिकविण्यात गेले, त्याला या विषयातले सर्व काही ठाऊक असणार, अशा श्रद्धेने ते जे विचारतात, त्यात प्रश्न थोडे आणि मनात आधीच पक्की झालेली मते अधिक असतात. गेल्या वर्षी अशाच एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “सर, हिचं पाठांतर फार चांगलं आहे, म्हणून म्हटलं लॉलाच घालू या. कलमंच पाठ करायची असतात ना सगळी?” बाईंच्या बोलण्यात लेकीविषयीचा अभिमान होता, आणि तो रास्तही होता, परंतु कायद्याच्या शिक्षणाविषयी आपल्या उपनगरांतून जे गैरसमज वर्षानुवर्षे वास्तव्य करून आहेत, त्यांतला सर्वांत जुना आणि सर्वांत अहितकारक गैरसमज त्या एका वाक्यात होता, म्हणून त्याचाच परामर्श प्रथम घेतो.

१८६० साली तयार झालेली भारतीय दंड संहिता आपल्याकडे दीडशे वर्षांहून अधिक काळ अंमलात होती, आणि तिचा क्रमांक ‘चारशेवीस’ तर न्यायालयाची पायरी कधी न चढलेल्या माणसाच्याही तोंडी विशेषण म्हणून रुळला होता. १ जुलै २०२४ रोजी ५११ कलमांची ती संहिता जाऊन तिच्या जागी ३५८ कलमांची भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते ते १०३ झाले आणि फसवणुकीचे ४२० हे ३१८ झाले. ज्यांनी केवळ आकडे मुखोद्गत केले होते, त्यांची पुंजी त्या एका दिवसात कालबाह्य झाली. उलट, फसवणूक ठरण्यासाठी खोटे बोलणे पुरेसे नसून त्या खोट्याने समोरच्याला मालमत्ता देण्यास प्रवृत्त केलेले असावे लागते, आणि अप्रामाणिक हेतू आरंभापासून असावा लागतो, हे ज्यांना उमगले होते, त्यांना नवा क्रमांक पाहून घेण्यापलीकडे फारसे काही करावे लागले नाही. कलमे समोर ठेवलेल्या पुस्तकात असतात. पदवीनंतरच्या अखिल भारतीय बार परीक्षेतही टीपा नसलेली मूळ अधिनियमांची पुस्तके जवळ बाळगण्याची मुभा असते. पुस्तकात नसते ते एवढेच, की समोर आलेल्या माणसाच्या कहाणीतले कोणते शब्द त्या कलमाला जाऊन भिडतात आणि कोणते भिडत नाहीत.

हे कसे शिकवितात, ते एका उदाहरणाने सांगतो. प्रथम वर्षाच्या करार कायद्याच्या वर्गात मी पहिल्याच आठवड्यात १९१३ सालचा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा एक निवाडा घेतो, परंतु निकाल न सांगता केवळ हकीकत सांगतो. कानपूरच्या गौरी दत्त नावाच्या गृहस्थांचा पुतण्या घरातून नाहीसा झाला. त्यांनी आपल्या पेढीवरील लालमन शुक्ल नावाच्या मुनिमाला शोधासाठी हरिद्वारकडे धाडले. तो गेल्यानंतर इकडे, मुलगा शोधून देणाऱ्यास ५०१ रुपये बक्षीस देऊ, अशी हस्तपत्रके काढण्यात आली. मुनिमाला त्यांची वार्ता नव्हती, आणि मुलगा मात्र त्यालाच सापडला. पुढे त्याने बक्षिसासाठी दावा लावला. आता पैसे मिळावेत असे कोणाला वाटते, असे विचारले, की जवळजवळ सारा वर्ग हात वर करतो, कारण न्यायाची जी स्वाभाविक जाणीव आपण घरून घेऊन आलेले असतो, ती मुनिमाच्या बाजूची असते. मग १८७२ च्या करार अधिनियमातील प्रस्ताव आणि स्वीकृती यांच्या व्याख्या फळ्यावर लिहायच्या, आणि जो प्रस्ताव माणसाला ठाऊकच नव्हता तो त्याने स्वीकारला असे म्हणता येईल काय, एवढेच विचारायचे. वर्गात क्षणभर शांतता पसरते, आणि वर गेलेले हात एकेक करून खाली येऊ लागतात. न्यायालयाने दावा फेटाळला होता. परंतु हात खाली येण्यापूर्वीचा तो क्षण, ज्यात आपली सहानुभूती एकीकडे आणि कायद्याचा शब्द दुसरीकडे ओढतो आहे हे विद्यार्थ्याला प्रथमच जाणवते, तोच माझ्या मते कायद्याच्या शिक्षणाचा खरा प्रारंभ होय. आणि त्याचा पाठांतराशी काडीचाही संबंध नाही.

दुसरा गैरसमज ‘करून टाकण्या’चा. “नोकरी सांभाळून लॉ करून टाकतो,” असे सांगणारे तरुण, आणि तरुण नसलेलेही, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत पुष्कळ भेटतात. या समजुतीला इतिहास आहे, आणि तो अनादराने बोलण्याजोगा नाही. १८५५ साली सुरू झालेल्या मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयात लोकमान्य टिळकांनी १८७९ साली एलएल. बी. पूर्ण केले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ पासून तीन वर्षे तेथेच प्राचार्य होते, आणि याच शहरात दिवसा कचेरीत लेखणी झिजवून सकाळ-संध्याकाळच्या तासांना बसणाऱ्या पदवीधरांच्या कित्येक पिढ्यांनी वकिलीची सनद मिळविली. ज्यांच्या घरात दुसरा मिळवता हात नव्हता, त्यांच्यासाठी तो एकमेव मार्ग होता. तथापि बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनी चित्र बदलले आहे. नियमित अभ्यासक्रम म्हणजे दिवसाला किमान पाच तास आणि आठवड्याला किमान तीस तास, अशी त्यांत व्याख्या आहे. हजेरीची किमान मर्यादा ७० टक्के आहे. आणि त्याखेरीज तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण १२ आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे, वकिलाच्या कचेरीत, न्यायालयात किंवा एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष उमेदवारी करावी लागते. पत्राद्वारे घेतलेल्या कायद्याच्या पदवीवर सनद मिळत नाही. अनेक महाविद्यालयांचे वर्ग सकाळी भरतात आणि दुपारनंतर काही काम करणे कष्टाचे असले तरी अशक्य नाही. पण वर्गात न जाता केवळ शुल्क भरून पदवी पदरात पाडून घेऊ, असा जो सल्ला काही जण आपुलकीने देतात, तो ऐकणाऱ्याची वर्षे फुकट घालवितो, आणि हे मी तळमळीने सांगतो, कारण अशी वाया गेलेली वर्षे मी जवळून पाहिली आहेत.

भाषेच्या भीतीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण मराठी माध्यमातली मुले याच उंबरठ्यावरून परत फिरतात. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, बहुतेक ग्रंथ इंग्रजीत आहेत, आणि चांगले इंग्रजी वाचता आल्यावाचून कायद्याचा विद्यार्थी पुढे जाणार नाही, हे निःसंशय. परंतु राज्याची प्रवेशपरीक्षा मराठीतूनही देता येते, हे पुष्कळांना माहीत नसते. आणि याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की उपनगरातील कोणत्याही ठाण्यात लिहिली जाणारी फिर्याद, पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, हे सारे कागद प्रायः मराठीत असतात. काही वर्षांपूर्वी वर्गात एका जुन्या पंचनाम्याची प्रत मी वाचावयास दिली. अंधेरीच्या इंग्रजी शाळेत शिकलेला, वादस्पर्धांतून बक्षिसे मिळविलेला एक हुशार विद्यार्थी ‘मजकूर इसमाच्या अंगझडतीत मिळून आलेला मुद्देमाल’ या शब्दांपाशी अडखळला, आणि भांडुपच्या महापालिका शाळेतून आलेली, तोवर वर्गात एकदाही न बोललेली मुलगी मागच्या बाकावरून उठून तो कागद आरंभापासून अखेरपर्यंत वाचून, समजावून सांगू लागली. कैफियत, दरखास्त, हुकूमनामा, रोजनामा, मुचलका, वकीलपत्र हे शब्द पेशवाईच्या दप्तरांतून आणि त्याही आधीच्या फारशी अंमलातून आपल्या न्यायालयांत आले आणि आजही नांदत आहेत. ज्याच्या घरात मराठी बोलली जाते, त्याला ते दोन पिढ्यांपूर्वीच्या नातेवाइकांइतके परिचित वाटतात. इंग्रजी तीन वर्षांत शिकून घेता येते, घेतलेले मी पाहिले आहे. मराठीचे हे भांडवल उणे समजून कोणी मागे फिरू नये.

वयाची अट, टक्क्यांची अट, शाखेची अट यांविषयीच्या शंका लवकर निवारता येतात. बारावी वा पदवी कोणत्याही शाखेची चालते. खुल्या वर्गासाठी ४५ टक्के, इतर मागासवर्गासाठी ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण लागतात. वयाच्या कमाल मर्यादेला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्थगिती दिली. बारावीनंतरचा पाच वर्षांचा आणि पदवीनंतरचा तीन वर्षांचा, या दोन्ही मार्गांनी मिळणारी सनद एकच असते. मात्र पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशपरीक्षेची नोंदणी बहुधा बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी संपलेली असते, आणि मे महिन्यात माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना हे मलाच सांगावे लागते, याचे मला दर वर्षी वाईट वाटते.

राष्ट्रीय विधि विद्यापीठात प्रवेश मिळाला नाही तर सारे व्यर्थ, हा समज अलीकडचा. २०१४ च्या अधिनियमाने स्थापन झालेले महाराष्ट्र राष्ट्रीय विधि विद्यापीठ आपल्या पवईतच आहे, त्याची प्रवेशपरीक्षा वेगळी आणि अखिल भारतीय आहे, तेथील निवासी शिक्षणाचा आणि ग्रंथालयाचा लाभ मोठा आहे, आणि मोठ्या व्यवसायसंस्था तेथे येऊन विद्यार्थी निवडतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण विलेपार्ले, वांद्रे, चेंबूर, दहिसर येथील महाविद्यालये, किंवा जुहूच्या आवारातील श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाची विधि शाखा, येथून निघालेल्या विद्यार्थ्याला दिंडोशीच्या सत्र न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार तोच आणि तितकाच असतो.

आणि तेथे उभे राहून तो करतो काय? चित्रपटांनी लोकांच्या मनात जे न्यायालय उभे केले आहे, त्यात वकील उच्च स्वरात बोलतो आणि साक्षीदार रडून सत्य सांगतो. वस्तुतः उपनगरातील वकिलीचा मोठा भाग कागदाशी जडलेला आहे, आणि तो कागद बहुधा घराचा असतो. घाटकोपरच्या एखाद्या जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे उदाहरण घ्या: इमारत पन्नास वर्षांपूर्वीची, सदनिकांचे करार झालेले, पण जमीन बांधणाऱ्याने संस्थेच्या नावे कधी करूनच दिलेली नाही, तो वारला, त्याचे वारस विखुरले, आणि आज इमारत मोडकळीस आल्यावर पुनर्विकासाचा ठराव करू जाता सभासदांना कळते, की ज्या भूमीवर आपली घरे उभी आहेत ती कागदोपत्री आपली नाही. अशा वेळी १९६३ च्या सदनिका मालकी अधिनियमाखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बांधणाऱ्याच्या सहीवाचून जमिनीचे हस्तांतरण, मिळवावे लागते. त्यासाठी जुने करार, मुद्रांकाच्या पावत्या, मिळकतपत्रिका, मंजूर नकाशे गोळा करून त्यांतली विसंगती शोधीत बसणारा कोणी तरी लागतो. याच्या जोडीला न वटलेले धनादेश, वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयातील पोटगीचे अर्ज, पागडीचे भाडेकरू. यांत वक्तृत्वाला वाव थोडा आणि चिकाटीला फार. पन्नास कुटुंबांची छपरे एका चुकलेल्या भूमापन क्रमांकावर अवलंबून असलेली मी पाहिली आहेत, आणि ती चूक ज्या तरुण वकिलाच्या नजरेस आली, तो वर्गात बोलताना सदैव चाचरत असे.

पदवी हाती आली की लगेच वकील झालो, हाही भ्रमच. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. तिचे शुल्क खुल्या वर्गास ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींस १२५ रुपयांहून अधिक आकारता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा ३० जुलै २०२४ चा निर्णय आहे, आणि गरीब घरच्या मुलांनी तो अवश्य लक्षात ठेवावा. त्याखेरीज अखिल भारतीय बार परीक्षा. तीही मराठीतून देता येते. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेस पदवीनंतर तत्काळ बसता येई, तेही मे २०२५ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बदलले: आता तीन वर्षांची वकिली हवी.

ज्या मुलीच्या पाठांतराने हा लेख सुरू झाला, तिची नोंदणीची मुदत अर्थातच निघून गेली होती. तिने कला शाखेत प्रवेश घेतला, पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम करावयाचा असे ठरविले, आणि तोवर अधूनमधून रविवारी ती माझ्याकडे वाचावयास येते. पहिल्या रविवारी मी तिला लालमन शुक्लाचीच हकीकत सांगितली. निकाल ऐकून ती म्हणाली, “म्हणजे त्या मुनिमाला काहीच मिळालं नाही?” मी सांगितले, की मुलगा सापडल्यावर मालकाने त्याला दोन मोहरा आणि नंतर वीस रुपये दिले होते, त्याने तेव्हा आणखी काही मागितले नाही, सहा महिने तो त्याच पेढीवर कामाला राहिला, आणि नोकरीवरून काढून टाकल्यानंतर त्याने दावा लावला. तिने हे वहीत लिहून घेतले, थोडा वेळ पेन तसेच धरून बसली, आणि मग विचारले, “सर, काढलं नसतं, तर त्याने दावा लावला असता का? आणि नसता लावला, तर हे कोर्टाने लक्षात घ्यायचं असतं का?” दुपारच्या जेवणाची वेळ होईपर्यंत आम्ही त्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागावर बोलत बसलो.